सावळ्या चेहऱ्याचं वेगळं पान : पोर्ट्रेटचा प्रकाश शिकवणाऱ्या एका पुस्तकाची चिकित्सा

संशोधन पद्धतीचा पेपर दिलेल्या कुणालाही विचारा, स्वाश्रयी चल आणि आश्रयी चल यांच्या व्याख्या धडाधड म्हणून दाखवतील. पण एखाद्या पद्धतीत ‘नेहमीचा’ म्हणून कोण धरलाय आणि ‘अपवाद’ म्हणून कोणाला वेगळं बसवलंय, हे ओळखायला आपल्याला फारसं कुणी शिकवत नाही. गाईडमध्ये त्यावर प्रश्न नसतो, म्हणून क्लासमध्येही नसतो.

आज त्यासाठी जरा आडवळणाचं उदाहरण घेतेय. मी छायाचित्रांच्या इतिहासावर काम करते, त्यामुळे चेहऱ्यावर प्रकाश कसा टाकायचा हे शिकवणारी पुस्तकं मला वाचावी लागतात. त्यातलं एक खरोखर चांगलं पुस्तक आहे ‘लाइट : सायन्स अँड मॅजिक’. फिल हंटर आणि पॉल फुक्वा यांनी लिहिलेलं, पहिली आवृत्ती १९९० ची. पुढच्या आवृत्त्यांत स्टीव्हन बिव्हरही लेखक म्हणून आले. जगभरच्या फोटोग्राफीच्या विद्यार्थ्यांच्या हातात ते असतं. मी त्याची चिकित्सा करणार आहे ती ते वाईट आहे म्हणून नाही. वाईट पुस्तकाची चिकित्सा करून आपण काही शिकत नाही. चांगल्या पुस्तकाची गंमत ही, की त्यातल्या उणिवेचं उत्तर बहुतेक वेळा त्याच पुस्तकात दुसऱ्या पानावर असतं.

आधी नावं, मग कारणं?

पोर्ट्रेटचा प्रकाश शिकायला कुठेही गेलात तर पहिल्या दिवशी नावांची यादी मिळते. दिवा चेहऱ्याच्या बरोबर समोर आणि वर ठेवला, नाकाखाली फुलपाखरासारखी सावली पडली, की तो ‘बटरफ्लाय’. दिवा थोडा बाजूला नेला आणि नाकाची सावली गालावर छोट्या फासासारखी उतरली, की ‘लूप’. अजून बाजूला आणि वर नेला, नाकाची सावली गालाच्या सावलीला जाऊन मिळाली आणि अंधाऱ्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा एक त्रिकोण उरला, की ‘रेम्ब्रांट’. दिवा अगदी काटकोनात नेला, अर्धा चेहरा उजेडात अर्धा अंधारात, की ‘स्प्लिट’.

ही नावं उपयोगी आहेत, नाही असं नाही. स्टुडिओत मदतनिसाला ‘रेम्ब्रांट लाव’ म्हटलं की काम भागतं. पण हे वर्गीकरण आहे, स्पष्टीकरण नाही. हा फरक तुमच्या प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात तुम्हाला शंभरदा लागणार आहे. डॉक्टरांनी ‘ताप आहे’ म्हटलं तर लक्षणाला नाव मिळालं. ताप कशाने आला ते अजून कळलेलं नाही. तसंच त्रिकोण दिसला म्हणजे दिव्याची जागा साधारण कळली. त्या त्रिकोणाची कड धारदार का आहे, पलीकडचा गाल इतका काळा का पडला, कपाळावर पांढरा डाग का उमटला, यातलं काहीच त्या नावाने सांगितलं नाही. शिवाय सतराव्या शतकातल्या डच चित्रकाराचं नाव लागल्यामुळे त्या मांडणीला एक वजन येतं आणि प्रश्न विचारायची आपली इच्छा थोडी कमी होते. सिद्धांताला मोठं नाव चिकटलं की आपण नेमकं हेच करतो, नाही का?

‘लाइट : सायन्स अँड मॅजिक’चं पहिलं मोठेपण इथे आहे. हे पुस्तक नावांपासून सुरू होत नाही, कारणांपासून सुरू होतं. सगळी इमारत तीन तत्त्वांवर उभी आहे. एक, प्रकाशस्रोताचा परिणामी आकार हा सगळ्यात महत्त्वाचा निर्णय. दोन, कुठल्याही पृष्ठभागावरून तीन प्रकारचं परावर्तन होऊ शकतं. तीन, यातली काही परावर्तनं प्रकाश ठराविक कोनांतून आला तरच दिसतात. त्या कोनांच्या गटाला पुस्तक ‘कोनांचं कुटुंब’ म्हणतं.

‘परिणामी आकार’ म्हणजे चेहऱ्याच्या जागेवरून पाहिलं तर स्रोत किती मोठा दिसतो ते. सूर्य प्रचंड आहे, पण इतका लांब आहे की आपल्याला एवढासा दिसतो; म्हणून दुपारच्या उन्हात नाकाची सावली कापून ठेवल्यासारखी पडते. ढग आले की सगळं आकाशच दिवा होतं आणि सावलीची कड विरघळते. साठ सेंटीमीटरचा सॉफ्टबॉक्स चेहऱ्यापासून साठ सेंटीमीटरवर असेल तर तो मोठा स्रोत. तोच तीन मीटरवर नेला तर चेहऱ्याच्या दृष्टीने साधारण पाचपट छोटा. वस्तू तीच, परिणाम वेगळा. ‘सॉफ्टबॉक्स म्हणजे सॉफ्ट लाइट’ ही समजूत इथेच मोडते.

अंतर बदललं की आणखी एक गोष्ट बदलते, आणि ती कागदावर मांडून बघण्यासारखी आहे. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो. समजा दिवा जवळच्या गालापासून १ मीटरवर आहे आणि लांबचा गाल त्याहून १५ सेंटीमीटर मागे. लांबच्या गालावर जवळच्याच्या साधारण ७६ टक्के प्रकाश पोचेल. दिवा ३ मीटरवर नेला तर हेच प्रमाण ९१ टक्के होतं. म्हणजे दिवा जवळ आणला की चेहऱ्यावर उजेडाचा उतार तयार होतो, लांब नेला की सपाटी येते. मागचा पडदा चेहऱ्यापासून २ मीटर मागे असेल, तर दिवा १ मीटरवर असताना पडद्यावर चेहऱ्याच्या एक नवमांश प्रकाश पडतो; दिवा ३ मीटरवर असताना एक तृतीयांशाहून थोडा जास्त. पडदा तोच, पण एका फोटोत काळा आणि दुसऱ्यात करडा. (हे गणित छोट्या स्रोताचं आहे. मोठा सॉफ्टबॉक्स अगदी जवळ असला तर ते तंतोतंत लागू होत नाही.)

इथे एक पेच लक्षात घ्या. दिवा जवळ आणला तेव्हा एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या: परिणामी आकार वाढला आणि उतार तीव्र झाला. फोटो ‘छान’ आला तर श्रेय कुणाला द्यायचं? एक चल हलवताना दुसरा आपोआप हलतोय, हे ज्याला दिसतं त्याला संशोधन पद्धतीतला गोंधळकारक चल वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

आता ते वेगळं पान

पुस्तकातलं पोर्ट्रेटचं प्रकरण फार नीट रचलंय. आधी एकच दिवा. मग गालावरचा तो उजेडाचा त्रिकोण: तो फार मोठा झाला तर दिवा कॅमेऱ्याच्या फार जवळ आहे, फार अरुंद झाला तर दिवा फार बाजूला गेलाय. मग चष्मा, मग सावली भरणारा दुसरा दिवा, मागच्या पडद्यावरचा, केसांवरचा, कडेचा. मग गडद आणि उजळ वातावरणाचे फोटो. आणि हे सगळं झाल्यावर एक उपशीर्षक येतं: ‘डार्क स्किन’.

त्या भागातल्या सल्ल्याचा गाभा उत्तम आहे. सावळ्या किंवा काळ्या त्वचेसाठी नुसतं एक्स्पोजर वाढवून भागत नाही. त्वचेवरून होणारं थेट परावर्तन सांभाळायला शिका आणि त्यासाठी स्रोत मोठा करा, असं ते सांगतं. ‘एक स्टॉप उघडा आणि पुढे चला’ म्हणणाऱ्या सल्ल्यांपेक्षा हे किती तरी पुढचं आहे.

त्यामागचं कारण बघू. त्वचेवरून प्रकाश दोन वाटांनी परत येतो. एक, अगदी वरच्या थरावरून, जसा वॉर्निश लावलेल्या लाकडावरून येतो. हा प्रकाश त्वचेचा रंग घेत नाही, दिव्याचाच रंग घेऊन येतो. दोन, आत शिरून, विखरून, मेलॅनिन आणि रक्ताचा रंग घेऊन बाहेर येणारा. पहिल्या वाटेवर मेलॅनिनचा फारसा परिणाम होत नाही. दुसऱ्या वाटेवर खूप होतो. समजावण्यापुरते आकडे घेऊ, मोजलेले नव्हेत. गोऱ्या चेहऱ्यात आतून ४० भाग परत येतो आणि वरून ४ भाग. सावळ्या चेहऱ्यात आतून १० आणि वरून तेच ४. पहिल्यात वरची चकाकी एकूण प्रकाशाच्या साधारण ९ टक्के झाली, दुसऱ्यात २९ टक्के. चकाकी वाढलेली नाही. तिच्या शेजारचं बाकी सगळं कमी झालंय, म्हणून ती ठळक दिसते.

याचं उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर कायम असतं. काळ्या पाषाणाची, तेल लावलेली मूर्ती गाभाऱ्यात समईच्या उजेडात आठवा. तिचा आकार आपल्याला कसा कळतो? दगड तर उजेड गिळून टाकतो. आपण नाकाचा, गालाचा, ओठाचा उठाव वाचतो तो त्यांच्यावरच्या चकाकीवरून. एकच छोटी ज्योत असेल तर बारीक ठिपके दिसतात, मधला चेहरा हरवतो. बाजूने दाराचा मोठा उजेड आला की गालावर रुंद, मऊ पट्टा उमटतो आणि चेहरा भरून दिसतो. मोठा स्रोत ‘कोनांच्या कुटुंबा’चा मोठा भाग व्यापतो, म्हणून चकाकी ठिपक्यासारखी न राहता पसरते आणि भडकपणाही कमी होतो. चकाकी त्रासदायक असते ती छोट्या स्रोतामुळे. एरवी तीच आकार दाखवते.

मग माझी तक्रार काय? तक्रार शीर्षकाची आहे, आणि ती भाषेपुरती नाही. प्रकरणात ‘डार्क स्किन’ असं शीर्षक आहे. ‘लाइट स्किन’ असं नाही. म्हणजे त्याआधीची सगळी पानं गोऱ्या त्वचेबद्दल होती, फक्त तसं म्हटलेलं नव्हतं. उजेडाच्या त्रिकोणाचंच घ्या. त्रिकोण आपल्याला दिसतो तो मुख्यतः आतून विखरून येणाऱ्या प्रकाशामुळे: गालाचा उजेडातला भाग आणि सावलीतला भाग यांच्यातल्या फरकामुळे. जिथे तो प्रकाशच कमी आहे तिथे त्रिकोणाची कड मंद होते आणि चेहऱ्याचा आकार सांगायचं काम चकाकी करायला लागते. म्हणजे ज्या खुणेवरून प्रकरणभर ‘दिवा बरोबर लागला का’ हे तपासायला शिकवलं, ती खूण सगळ्या चेहऱ्यांवर सारख्या ताकदीची नाही. मोजपट्टी एका गटावर बेतली आणि दुसऱ्या गटाला शेवटी एक परिशिष्ट जोडलं, असं हे झालं.

यावर एक आक्षेप येऊ शकतो, आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. ‘भौतिकशास्त्रच वेगळं असेल तर वेगळा भाग असणं बरोबरच नाही का?’ माझं उत्तर असं: भौतिकशास्त्र वेगळं नाही, प्रमाण वेगळं आहे. आतून येणारा आणि वरून येणारा प्रकाश यांचं गुणोत्तर गव्हाळ, निमगोऱ्या, सावळ्या, काळ्या चेहऱ्यांत सलग बदलत जातं. मध्ये कुठे भिंत नाही. भिंत कुठे घालायची हा लेखकाचा निर्णय असतो, निसर्गाचा नसतो. आणि असं सलग प्रमाणाने शिकवणं शक्य आहे याचा पुरावा याच पुस्तकात आहे. धातूचं प्रकरण उघडा. चकचकीत धातू जवळजवळ फक्त थेट परावर्तन करतो, तेव्हा कोनांच्या कुटुंबाचा किती भाग दिव्याने भरायचा हे ठरवा, असं ते सुरुवातीलाच सांगतं. स्टीलच्या पेटीला जी तर्कशुद्ध वागणूक पहिल्या ओळीपासून मिळते, ती जगातल्या बहुसंख्य माणसांच्या त्वचेला प्रकरणाच्या शेवटी मिळते. पोर्ट्रेटचं प्रकरण ‘या चेहऱ्यावर थेट परावर्तन किती, विखुरलेलं किती?’ या प्रश्नापासून सुरू झालं असतं, तर वेगळ्या भागाची गरजच पडली नसती.

रसायनाचा दोष की दिव्याचा?

या विषयावर लिहायला बसलात की दोन नावं हमखास समोर येतील. ती नीट वापरायला शिका.

पहिलं, लॉर्ना रॉथ. कॅनडातल्या कॉन्कॉर्डिया विद्यापीठातल्या या संशोधिकेचा २००९ चा लेख कोडॅकच्या ‘शर्ली कार्डां’वर आहे. फोटो लॅबमध्ये रंग जुळवून घेण्यासाठी एक नमुना फोटो पाठवला जायचा आणि त्यावर अनेक वर्षं गोरी स्त्री असायची. तिच्या त्वचेचा रंग बरोबर आला म्हणजे मशीन बरोबर, असं धरलं जायचं. अनेक वंशांच्या स्त्रिया असलेलं कार्ड आलं ते १९९० च्या दशकाच्या मध्यात. रॉथ यांनी उद्योगात काम केलेल्या लोकांच्या मुलाखती घेतल्या. गडद तपकिरी छटा नीट याव्यात यासाठीचा दबाव चॉकलेट आणि लाकडी फर्निचर विकणाऱ्यांकडूनही आला होता, असं त्यांना त्यातून कळलं.

ही गोष्ट इतकी चटपटीत आहे की आता ती सगळीकडे फिरते, बहुतेक वेळा ‘कोडॅकने माणसांसाठी नाही, चॉकलेटसाठी फिल्म सुधारली’ अशा एका वाक्यात. तुम्ही ती वापराल तेव्हा हे लिहायला विसरू नका की हा पुरावा मुलाखतींतल्या आठवणींचा आहे. त्यामुळे तो खोटा ठरत नाही, पण प्रयोगशाळेच्या नोंदवहीइतकी त्याची जात वेगळी आहे. दुसरी मर्यादा आपल्या विषयाची: शर्ली कार्ड रंगीत छपाईबद्दल बोलतं, दिव्याच्या जागेबद्दल नाही. कृष्णधवल फोटोंना ते लागू होत नाही.

दुसरं नाव रिचर्ड डायर. ‘व्हाइट’ या १९९७ च्या पुस्तकात ते सांगतात की फोटो आणि सिनेमाची प्रकाशयोजना गोऱ्या चेहऱ्याला गृहीत धरून, त्यालाच झुकतं माप देत वाढली. इथे रसायन आणि दिवा दोन्ही येतात आणि सवयही येते. रॉथ ज्या ठिकाणी थांबतात तिथून डायर पुढे जातात. पण त्यांचा पुरावा मुख्यतः पाश्चात्त्य दृश्यसंस्कृतीचा आहे. तो उचलून साताऱ्याच्या किंवा सोलापूरच्या स्टुडिओवर तसाच ठेवता येत नाही. आणि डायर सवयीचा इतिहास सांगतात. त्वचेवर प्रकाशाचं नेमकं काय होतं याचं तपशीलवार उत्तर त्यांच्याकडे मागू नका. त्यासाठी परत हंटर आणि फुक्वांकडे यावं लागतं. संदर्भसाहित्याचा आढावा म्हणजे ‘यांनी असं म्हटलं, त्यांनी तसं म्हटलं’ अशी माळ ओवणं नव्हे. कुणाचा पुरावा कुठवर पोचतो आणि कुठे संपतो, हे दाखवणं म्हणजे आढावा.

आणखी जुन्या काळात गेलात तर रसायनाचा मुद्दा वेगळाच होतो. एकोणिसाव्या शतकातल्या कोलोडियनच्या काचांना निळा प्रकाश दिसायचा. पिवळा आणि तांबडा जवळजवळ दिसायचा नाही. त्यामुळे गव्हाळ, तांबूस त्वचा डोळ्यांना दिसते त्यापेक्षा गडद उमटायची. त्या काळातल्या एखाद्या संस्थानिकाच्या फोटोवरून त्याचा वर्ण ठरवायला गेलात, तर तुम्ही माणसाबद्दल नाही, काचेबद्दल लिहीत असाल.

जिथे अपवादच नियम होता

कुठल्याही ‘नेहमीच्या’ पद्धतीची परीक्षा घ्यायची असेल तर असं ठिकाण शोधा, जिथे तिचा अपवादच नेहमीचा होता. आपल्या विषयात असं एक ठिकाण म्हणजे मालीची राजधानी बामाको. सेदू केइता यांनी तिथे १९४८ मध्ये स्टुडिओ उघडला. ते मुख्यतः नैसर्गिक उजेडात, अंगणात फोटो काढायचे. समोर बसणारी माणसं बहुतेक सगळी काळी, म्हणून ‘काळ्या त्वचेचं काय करायचं’ हा वेगळा प्रश्नच नव्हता. मोकळं आकाश हा प्रचंड मोठा स्रोत. गालांवर, कपाळावर, हातांवर रुंद आणि सलग चकाकी. मागे नक्षीचं कापड. चेहऱ्याचा उठाव त्रिकोणाने नाही, चकाकीने बांधलेला. पुस्तक ज्याला शेवटी जोडलेला सल्ला म्हणून देतं, ती इथे रोजची रीत होती.

पण लगेच टाळ्या वाजवू नका. दोन सावधगिऱ्या. एक, नैसर्गिक उजेड हा केइतांचा सौंदर्यविचार होता की सोय, हे नुसत्या फोटोवरून सांगता येत नाही. हेतू सिद्ध करायला फोटोपलीकडचा पुरावा लागतो. दोन, आपण कुठला प्रिंट बघतोय? केइतांनी गिऱ्हाइकांना दिलेले प्रिंट बहुतेक छोटे, निगेटिव्हच्याच आकाराचे असत. १९९० च्या दशकात पाश्चात्त्य प्रदर्शनांसाठी त्याच निगेटिव्हवरून मोठमोठे, गडद, करकरीत कॉन्ट्रास्टचे प्रिंट काढले गेले. त्यांत चकाकी जास्त ठळक दिसते. म्हणजे ‘केइतांचा प्रकाश’ म्हणून तुम्ही ज्याचं वर्णन कराल, त्यातला काही भाग नंतरच्या डार्करूमचा असू शकतो. वरचं माझं वर्णनही याला अपवाद नाही. म्हणून मी दिव्याच्या दिशेबद्दल आणि आकाराबद्दल बोलते, कॉन्ट्रास्टबद्दल जपून.

केइतांची एक गोष्ट संशोधक म्हणून मला फार आवडते. आपले जुने फोटो कुठल्या काळातले हे ते मागच्या कापडाच्या नक्षीवरून ओळखत. कापड ते काही वर्षांनी बदलत असत. पुरावा नेहमी चेहऱ्यावरच नसतो, मागच्या पडद्यावरही असतो.

‘उजळ’ या शब्दाचं काय करायचं?

आपल्याकडे येऊ. मराठीत ‘उजळ’ म्हणजे प्रकाशाने भरलेला, आणि ‘उजळ’ म्हणजे गोरा. एकाच शब्दात एक्स्पोजर आणि वर्ण दोन्ही. ‘फोटो छान उजळ आलाय’ म्हणताना आपण दिव्याचं कौतुक करतो की त्वचेचं? स्थळासाठी काढलेल्या फोटोंत हा प्रश्न नुसता शब्दांचा राहत नाही. स्टुडिओतल्या आरशासमोरची पावडर, समोरून लावलेला भरपूर सपाट उजेड, आणि फिल्मच्या काळात निगेटिव्हवर पेन्सिलने केलेलं रिटचिंग: निगेटिव्हवर जिथे पेन्सिल फिरते तिथे प्रिंट उजळ येतो. आज तेच काम मोबाइल न विचारता करतो. एखाद्या मुलीचं स्थळ पुढे सरकतं की नाही हे त्या फोटोवर ठरत आलेलं आहे, तेव्हा दिवा कुठे ठेवला हा तांत्रिक तपशील म्हणून सोडून देता येत नाही.

विषय शोधत असाल तर इथे काम पडलंय. जुन्या स्टुडिओंच्या निगेटिव्ह अजून काही घरांत, काही माळ्यांवर आहेत. निगेटिव्ह तिरक्या उजेडात धरली की पेन्सिलीच्या रेघा दिसतात. प्रिंटमध्ये त्या दिसत नाहीत. बायका आणि पुरुषांच्या चेहऱ्यांवर ही पेन्सिल सारखीच फिरली का? लग्नाच्या फोटोत आणि नोकरीच्या अर्जाच्या फोटोत? उत्तर आधीच ठरवून जाऊ नका. कदाचित पेन्सिल वर्णापेक्षा देवीच्या व्रणांवर आणि सुरकुत्यांवर जास्त फिरली असेल. तसं निघालं तरी तो निष्कर्षच आहे.

करून बघा

हे नुसतं वाचून समजणार नाही. एक खिडकी किंवा टेबललॅम्प, एक ट्रेसिंग पेपर, एक थर्माकोलची शीट आणि वेगवेगळ्या वर्णाचे दोन मित्र एवढं पुरे. मोबाइलमधलं ब्युटी मोड बंद करा आणि एक्स्पोजर एका जागी लॉक करा. हे लॉक करणं महत्त्वाचं आहे: कॅमेरा समोरचं सगळं मिळून मधल्या करड्या छटेचं आहे असं धरून उजेड मोजतो, त्यामुळे पांढऱ्या भिंतीपुढे सावळा चेहरा काळवंडतो आणि तुम्ही उगाच दिव्याला दोष देता.

मग एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी नुसता बल्ब. मग दिवा तिथेच ठेवून मध्ये ट्रेसिंग पेपर धरा. मग पेपर चेहऱ्याच्या जवळ आणा. मग पलीकडून थर्माकोल. प्रत्येक फोटोत चार गोष्टी वहीत लिहा: डोळ्यातल्या दिव्याच्या प्रतिबिंबाचा आकार आणि जागा, नाकाच्या सावलीची दिशा, त्या सावलीची कड, आणि गालावरच्या चकाकीची रुंदी. दोन्ही चेहऱ्यांसाठी वेगळे रकाने करा. आणि तक्त्यात कुठल्या चेहऱ्याला पहिला रकाना दिलात, तेही बघा.

हे जमलं की कुठल्याही जुन्या पोर्ट्रेटसमोर तुम्ही ‘रेम्ब्रांट आहे’ एवढंच म्हणून थांबणार नाही. दिवा कुठे होता, किती मोठा होता, एकच होता का, हे फोटोतूनच मांडता येईल आणि कुठलं विधान किती खात्रीचं हेही सांगता येईल.

शेवटचं, तुमच्या स्वतःच्या प्रस्तावाबद्दल. तुम्ही वापरणार असलेली प्रश्नावली, मोजपट्टी किंवा सिद्धांत समोर घ्या आणि अनुक्रमणिका वाचा. ‘ग्रामीण प्रतिसादक’, ‘महिला’, ‘पहिल्या पिढीतले विद्यार्थी’, ‘बोलीभाषक’ अशी वेगळी उपशीर्षकं शेवटी दिसली, तर बाकीची प्रकरणं कुणाबद्दल होती ते विचारा. नुसतं उपशीर्षक काढून टाकलं म्हणजे प्रश्न सुटत नाही. मग तो गट दिसायचाच बंद होतो. तो प्रश्न पहिल्या प्रकरणात आणावा लागतो आणि त्यासाठी पहिलं प्रकरण नव्याने लिहावं लागतं. मार्गदर्शकांना हे आवडेलच असं नाही. पण तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकाने विचारण्याआधी तुम्ही स्वतःला विचारलेलं बरं.